शटल लागून काय होतंय?

जूनमध्ये बॅडमिंटनची बॅच सुरू झाली की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, सर रॅकेट कुठली घेऊ? मग चार-पाच हजाराची रॅकेट येते आणि पायात मात्र रनिंग शूज नाहीतर शाळेचे काळे बूट. अहो रॅकेट साधी चालेल, आधी गम सोलचे नॉन-मार्किंग, म्हणजे रबरी तळाचे आणि फरशीवर डाग न पाडणारे शूज घ्या असं म्हटलं की चेहरे पडतात.

मी मुंबईत शाळेच्या मुलांना बॅडमिंटन शिकवतो आणि माझं स्पष्ट मत आहे की खेळणाऱ्या मुलांपेक्षा नंबर यायची वाट बघत उभ्या असलेल्या मुलांची काळजी जास्त घ्यावी लागते. एक हॉल, एक कोर्ट, चाळीस पोरं. चार खेळणार आणि उरलेली छत्तीस हातात रॅकेट घेऊन भिंतीला चिकटून, त्यांना सर म्हणतात शॅडो करा, म्हणजे शटलशिवाय हवेतच फटके मारा, की झाली तलवारबाजी सुरू! पुढच्याची रॅकेट मागच्याच्या कपाळावर. माझ्याकडे नियम एकच, नंबर येईपर्यंत रॅकेट बाकावर. शॅडो करायचीच तर दहा-दहा जणांनी, हात पसरून कुणाला लागत नाही एवढं अंतर ठेवून, आणि डावखुरे कडेला. बाकीच्यांनी पॉइंट मोजा, शटल गोळा करा, पण रॅली थांबल्याशिवाय कोर्टात पाय टाकायचा नाही.

आता डोळ्यांचं. "पाच ग्रॅमचं शटल, त्याने काय होतंय" हे मी पीटीच्या सरांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय. आपला डबल्सचा प्लेअर सात्विकसाईराजने २०२३ मध्ये ताशी ५६५ किमीचा स्मॅश मारून रेकॉर्ड केला, आठवीतलं पोरगं तेवढा मारणार नाही हे मान्य, पण शटलचा कॉर्क २५ ते २८ मिमीचा असतो, म्हणजे डोळ्याच्या खोबणीत थेट आत जाईल एवढा. टेनिसचा बॉल निदान भुवईच्या हाडावर तरी अडतो. डबल्समध्ये पुढचा प्लेअर पार्टनर काय मारतोय ते मागे वळून बघतो आणि नेमकं तेव्हाच तोंडावर बसतं, म्हणून पुढच्याने मान वळवायचीच नाही, रॅकेट वर धरून समोर बघायचं, हे मी पहिल्या आठवड्यापासून घोकून घेतो. स्क्वॉशच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धांमध्ये आयगार्ड, म्हणजे डोळ्यांना मार लागू नये म्हणून घालायचा खेळाचा चष्मा, सक्तीचा आहे. बॅडमिंटनमध्ये सक्ती नाही, पण म्हणून शाळेला कुणी अडवलंय का? पॉलिकार्बोनेटचा घ्यायचा, नंबरचा चष्मा म्हणजे आयगार्ड नव्हे, तो फुटला तर आणखी पंचाईत. आणि लागलंच तर डोळा चोळू द्यायचा नाही, दिसतंय ना मग बस खेळ असं तर अजिबात करायचं नाही, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं, कारण आत रक्त उतरलेलं बाहेरून कळेलच असं नाही.

मुंबईत वेगळाच ताप. शटल उडतं म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, आणि आपली ही दमट हवा, दहा मिनिटांत पोरं घामाने निथळतात, तोच घाम फरशीवर पडतो आणि त्यावरून पाय सटकतो. पावसाळ्यात तर त्याच हॉलमध्ये सकाळी प्रार्थनेला ओल्या छत्र्या टेकवलेल्या असतात. त्यामुळे पोछा कोर्टाच्या कडेलाच हवा, आणि पाण्याचा ब्रेक मी मुलांनी मागायची वाट न बघता देतो. ग्रिप घामाने गुळगुळीत झाली असेल तर आधी बदल मग खेळ, नाहीतर रॅकेटच सुटून पलीकडे जाते.

२०२४ मध्ये इंडोनेशियात ज्युनिअर स्पर्धेत चीनचा १७ वर्षांचा झांग झिजिए मॅच चालू असताना कोर्टवर कोसळला आणि गेला, मदतीला उशीर झाला म्हणून जगभर ओरड झाली. ती एवढी मोठी स्पर्धा होती. मी शिकवतो त्या एका शाळेत फर्स्ट एडची पेटी ऑफिसच्या कपाटात, कपाटाची चावी क्लार्कबाईंकडे, आणि बाई दोनला घरी जातात. आमची बॅच अडीचला सुरू होते.