बॅग भरली का?

आठवा महिना लागला की लोक तुमची तब्येत विचारायचं सोडून देतात. "कशी आहेस?" हा प्रश्न बंद होतो आणि त्याच्या जागी "बॅग भरली का?" सुरू होतो. सासूबाई फोनवर विचारतात, ऑफिसातली मैत्रीण मीटिंगच्या मध्येच विचारते, सोनोग्राफीच्या रांगेत शेजारी बसलेली अनोळखी बाई विचारते. सोसायटीतल्या ज्या काकांनी आजवर मेंटेनन्सच्या पावतीपलीकडे माझ्याशी एक शब्द काढला नव्हता, त्यांनीही जिन्यात थांबून विचारलं. मी "हो हो, झालीच" म्हणायचे. बॅग कुठली, कोण भरणार आणि कुणाच्या मनासारखी भरणार, याचा तेव्हा मला पत्ताच नव्हता.

बाळंतपणाची रजा 2017 साली 12 आठवड्यांची 26 झाली. त्यातले आठ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात. पहिलं बाळंतपण माहेरी, या नियमाने मी ऐन मे महिन्यात साताऱ्याला येऊन पडले. डॉक्टरांनी तारीख दिली होती. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवस मोजून ती तारीख काढतात, आणि शंभरातल्या जेमतेम चार-पाच जणी त्या दिवशी बाळंत होतात. पण 37 आठवडे पूर्ण झाले की कुठल्याही घटकेला निघायची तयारी हवी, म्हणून बॅग दाराशी हवी. आईने ती दाराशी इतकी इमानदारीने ठेवली की पहाटे दूध घ्यायला उठणारे बाबा रोज तिला अडखळायचे आणि रोज तेच म्हणायचे, "ही बाळंत व्हायच्या आधी मीच अ‍ॅडमिट होतो."

नवरा पुण्यात. त्याने आपला सहभाग एक्सेल शीटच्या रूपाने नोंदवला. यादी इंटरनेटवरून घेतलेली, आणि इंटरनेटवरची बाई अमेरिकेत बाळंत होते. तिच्या यादीत बाळाची कार सीट, लिप बाम, सुगंधी तेल, घरची उशी, आवडती गाणी आणि एक टेनिस बॉल होता. प्रत्येक वस्तूसमोर लाल, पिवळा, हिरवा रंग आणि 'जबाबदार व्यक्ती' असा एक रकाना. 'बाळ' या ओळीसमोर जबाबदार व्यक्ती म्हणून माझं नाव होतं आणि रंग लाल होता.

आईने चष्मा लावून ती यादी वाचली.

"टेनिसचा बॉल कशाला गं? तिथे खेळायचंय?"

"अगं, कळा यायला लागल्या की त्याने पाठीवर दाब द्यायचा. बरं वाटतं म्हणे."

"मग मी कशाला आहे? माझे हात काय झिजलेत?"

बॉल कटाप. कार सीट तर दादाची गाडी बघूनच कटाप झाली, कारण तिच्या मागच्या सीटचे पट्टे त्याने कधीच आत खुपसून वर कव्हर घातलेलं.

बाळाच्या कपड्यांवरून मात्र खरी जुंपली. मला दुकानातली पिवळी, पिस्ता रंगाची झबली आणायची होती. (मुलगा की मुलगी हे आपल्याकडे 1994 च्या कायद्याने कुणी सांगत नाही, तेव्हा सगळी दुकानं पिवळ्या-पिस्त्यावरच चालतात.) आई म्हणाली, आधी काही नवं आणायचं नाही. पहिले कपडे दुसऱ्या बाळाने घालून मऊ केलेलेच हवेत. मग माळ्यावरून एक बोचकं खाली आलं. डांबराच्या गोळ्यांचा वास, आत चुलतबहिणीच्या मुलांची झबली, आत्याने शिवलेली कुंची आणि एक टोपरं, जे दादाचं निघालं. दादाला आता दाढी आहे आणि डोक्यावर फारसं काही नाही. तो टोपरं हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मला अजून होईल बहुतेक."

दुपट्यांसाठी आजीच्या सुती साड्या निघाल्या. नवं कापड कितीही महागाचं घ्या, त्यातली खळ जाईपर्यंत ते ओल टिपतच नाही. वीस वेळा धुतलेली साडी शू पिऊन टाकते. आईने आधी काठ कापून बाजूला ठेवला, मग कडेला कात्रीने बोटभर चीर दिली आणि दोन्ही हातांनी एक झटका दिला. टर्रर्र! धाग्याला धागा धरून साडी या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ फाटत गेली. कात्री लावली असती तर वाकडी झाली असती, हे तिने मला न विचारता सांगितलं. "ही आजी तुझ्या बारशाला नेसली होती," असं म्हणून ती क्षणभर थांबली, नाकाला पदर लावला आणि तिने दुसरा झटका दिला. तासाभरात आजीचं बरंचसं वॉर्डरोब चौकोनी होऊन गरम पाण्यात गेलं. उन्हात वाळवून, दोन्ही बाजूंनी इस्त्री करून त्याची चळत बॅगेत बसली आणि बॅग तिथेच निम्मी भरली.

उरलेल्या निम्म्यावर सासूबाईंचा हक्क. फोनवरून सूचना आल्या: दोन स्वेटर, कानाला बांधायला स्कार्फ, कानात घालायला कापूस, पायमोजे. "बाळंतिणीला वारं लागता कामा नये."

"अहो आई, मे महिना आहे. इथे पंखासुद्धा गरम वारं फेकतोय."

"तेच ते. वारंच ना?"

यावर काय बोलणार! शिवाय ओवा, बाळंतशोपा आणि डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा कुरियरने आला. मी कळवलं की सिझर झालं तर सुरुवातीला पाणी, चहा, पेज यांवरच ठेवतात, लाडू देत नाहीत. त्यावर "मग भेटायला येणारे काय खातील?" असा सवाल आला. तो बिनतोड होता. लाडू आत गेले. गाऊन बाहेर आला.

आता या सगळ्यात माझं काय होतं? एक्सेलमध्ये बाळाच्या दोन पानं भरून ओळी आणि 'आई' या शीर्षकाखाली: गाऊन, कंगवा, चप्पल. बाळंतपणाबद्दल बोलायला आपल्याकडे सगळ्यांना आवडतं, पण सगळ्यांची गोष्ट बाळ रडलं की संपते. त्यानंतर चार ते सहा आठवडे रक्तस्राव चालू असतो, सिझर झालं तरीही असतो, हे मला नऊ महिन्यांत घरातल्या एकाही बाईने सांगितलं नाही. विचारल्यावर मात्र सगळ्यांना माहीत होतं. काकू म्हणाली, "ते काय सांगायचं? ते असतंच." तिच्या मते अळिवाची खीर कशी करायची हे सांगायचं असतं, हे नाही.

म्हणून बाळंतिणीचे मोठे पॅड आणायला मी स्वतः गेले. मेडिकलवाल्याने माझ्या पोटाकडे पाहिलं, पाकिटाकडे पाहिलं, डावीकडे-उजवीकडे पाहिलं, पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळलं, त्यावर दोरा बांधला आणि वर काळी पिशवी चढवली. नऊ महिन्यांचं पोट घेऊन काउंटरला टेकून उभ्या असलेल्या बाईच्या आयुष्यात आता लपवण्यासारखं काय उरलंय, असं त्याला विचारायचं होतं. पण खाली वाकून पडलेले सुट्टे पैसे उचलायचे होते, त्यात सगळा दम गेला.

फाइल नवऱ्याने लावली आणि ती खरंच चांगली लावली, हे कबूल केलं पाहिजे. रक्तगट, हिमोग्लोबिन, सगळे सोनोग्राफी रिपोर्ट तारखेनुसार, आधार कार्डं, विम्याचं कार्ड, पासपोर्ट फोटो. फोटो कुणीही मागितले नाहीत, पण ते कधीच कुणी मागत नाही आणि तरीही न्यायचे असतात.

शेवटी बॅगेची चेन लागेना तेव्हा मी सगळं बाहेर काढलं आणि तळाशी एक लाल खणाची पुरचुंडी सापडली. आत हळद-कुंकू, सुपारी, वाती, एक कोरा कागद, एक नवं कोरं पेन आणि खलबत्त्यातला बत्ता.

"आई, हे काय?"

"पाचवीचं. सिझर झालं तर पाचवा दिवस तिथेच येणार. सटवाई यायची, बाळाचं नशीब लिहायची. तिला कागद नको?"

"आणि बत्ता?"

"पाटा-वरवंटा पूजतात. मी पाटाच घेणार होते. हे नको म्हणाले."

"तिथे लिफ्ट नाही," बाबा पेपरमागून म्हणाले.

पाण्याची पिशवी फुटली ती रात्री, नवरा पुण्यात असताना. तो निघाला आणि शनिवारच्या गर्दीत खंबाटकीच्या घाटात अडकला. इकडे दादाने गाडी काढली, आईने बॅग घेतली, लाडवांचा डबा घेतला, एक पिशवी घेतली, त्या पिशवीत मावत नव्हतं म्हणून आणखी एक पिशवी घेतली. बाबांनी दाराला कुलूप लावलं आणि मला विचारलं, "सगळं घेतलंय ना?" मी आवारातल्या पायरीवर कळ सोसत बसले होते, म्हणजे मुख्य वस्तू अजून गाडीबाहेर होती.

लेबर रूमच्या दारात सिस्टर उभ्या. त्यांनी आमच्या सामानाकडे नजर टाकली, पण त्यांना ते नवीन दिसलं नाही.

"बॅग बाहेर. बांगड्या काढा, मंगळसूत्र काढा, नेलपेंट असेल तर पुसा. गाऊन आमचा. बाळासाठी दोन दुपटी, एक टोपरं आणि पॅडचं पाकीट द्या. बास."

"आणि बाकीचं?" आईने विचारलं.

"बाकीचं तुमचं तुम्ही बघा, मावशी."

पुढे कळा, मग बाळाचे ठोके कमी होणं, मग सह्या, मग सिझर. ते सगळं फार भराभर झालं आणि त्यात बॅगेचं काही काम नव्हतं. मुलगी झाली. तिला लगेच अंगावर घेतलं, पहिल्या तासातच पाजायला लावलं. चीक म्हणजे बाळाचं पहिलं लसीकरण, असं डॉक्टर म्हणाल्या. मग बीसीजी, पोलिओ, कावीळ ब हे खरं लसीकरण झालं. बाहेर मध चाटवायच्या तयारीत असलेल्या आत्याला बालरोगतज्ज्ञांनी एक वर्षापर्यंत मधाचं बोट लावायचं नाही असं बजावलं. आत्याने मध परत पर्समध्ये ठेवला. तोही कुणीतरी पॅक केलेलाच होता म्हणायचा.

सिझरनंतरच्या बाईला काय लागतं ते मी सांगते, कारण ते कुठल्याच यादीत नव्हतं. वाकणारी नळी लागते, कारण मान न उचलता पाणी प्यायचं असतं. चार्जरची लांब वायर लागते, कारण प्लग नेहमी पलंगाच्या चुकीच्या बाजूला असतो. पुढे बटणं असलेला गाऊन लागतो, जो लाडवांपायी घरी राहिलेला असतो. आणि दोन साइझ मोठ्या, पार बेंबीच्या वर जाणाऱ्या निकर लागतात. परकराची नाडी, सलवारीची नाडी, पायजम्याचं इलॅस्टिक, जगातली प्रत्येक बांधायची गोष्ट बरोब्बर टाक्यांवर येते. खोकला आला तर पोटावर उशी दाबून धरायची. उशी न्यायचा सल्ला देणाऱ्या अमेरिकन बाईची मी मनोमन माफी मागितली.

लाज मात्र लागत नाही. ती घरी ठेवली तरी चालते. पोटातला वारा सरकेपर्यंत धड खायला देत नाहीत, त्यामुळे "गॅस पास झाला का?" हा प्रश्न सकाळी डॉक्टर विचारतात, दुपारी सिस्टर, संध्याकाळी भेटायला आलेले नवऱ्याचे मामा. अखेर तो झाला तेव्हा आईने बाहेर जाऊन तो समाचार पेढे वाटल्याच्या थाटात सांगितला, आणि सासूबाईंनी फोनवर विचारलं, "स्कार्फ बांधलाय ना?"

बाळाच्या कपड्यांचं म्हणाल तर लेकीला कावीळ निघाली. नवजात बाळांना होते ती नेहमीची, घाबरण्यासारखी नाही, पण तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं. दिव्याखालचं बाळ उघडंच लागतं. डोळ्यांवर पट्टी, खाली लंगोट, संपलं. कुंची, झबली, इस्त्री केलेली चळत, सगळं खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत होतं. आमचा मुक्कामही वाढला आणि पाचवी तिथेच आली.

आई तयारच होती. सिस्टर म्हणाल्या, निरांजन लावायचं नाही, वरच ऑक्सिजनची लाइन आहे. मग दादाने दिवाळीतला बॅटरीवरचा दिवा आणला. बत्त्याला हळद-कुंकू लावलं, सुपारी ठेवली, उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि आई समाधानाने घरी झोपायला गेली. रात्रपाळीला नवरा होता. सिस्टरने त्याला सांगून ठेवलं होतं, बाळाची प्रत्येक शी, शू आणि दूध वेळेसकट लिहून ठेवा, डॉक्टर सकाळी विचारतील. त्याचा लॅपटॉप गाडीत, मोबाइल चार्जिंगला (वायर आखूड), आणि मी गाढ झोपलेली.

सकाळी आई आली, तिने हात जोडले, चष्मा लावला आणि कागद उचलला.

"1.10 शू. 2.40 दूध, उजवीकडून, 15 मिनिटं. 3.05 शी, पिवळी, पातळ. 3.07 पुन्हा शी. 3.08 माझ्या शर्टावर शू."

खोलीत कुणी बोलेना. नवरा हळूच म्हणाला, "आई, मला माहीत नव्हतं हो." आईने कागद उलटून बघितला, मागे तरी काही बरं लिहिलंय का म्हणून. मागे '4.30 शी' होती.

"यात रडण्यासारखं काय आहे?" बाबा म्हणाले. "पोरीचं पोट जन्मभर साफ राहणार. यापेक्षा चांगलं नशीब सटवाईने तरी काय लिहिलं असतं?"

बाबांच्या उशाशी कित्येक वर्षं इसबगोलाचा डबा असतो. त्या रात्री हॉस्पिटलच्या पिशवीतही तो होता, आणि आमच्या सगळ्या सामानात रोज न चुकता वापरली गेलेली वस्तू तीच.