हवा कुठून घेणार, तेवढं सांगा ना!

डोकं फिरलंय अक्षरशः. गाडीचा इनटेक, म्हणजे इंजिनला हवा पुरवणारा फिल्टर आणि पाइप, बदलायचा म्हणून सांगली-मिरजेतली दुकानं पालथी घातली. सगळीकडं एकच विचारतोय: हा फिल्टर हवा कुठून ओढणार? एकालाही धड सांगता येत नाही. "भावा, डोळे झाकून बसव, पिकअप बघ कसा येतोय." का म्हणून डोळे झाकू? पैसे माझे, इंजिन माझं.

'कोल्ड एअर इनटेक' म्हणून जे गळ्यात मारतात, तो बहुतेक ठिकाणी उघडा कोन फिल्टर असतो. एकानं तर बसवलेली गाडी कौतुकानं बॉनेट उघडून दाखवली. लाल जाळीचा शंकू, चकाकणारा पाइप, आवळलेली क्लिप. आणि जागा कुठली? रेडिएटरच्या फॅनमागं, इंजिनातला तापलेला धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून वीतभर अंतरावर! मध्ये साधा पत्र्याचा आडोसा नाही. पाइपला हात लावला तर चटका बसला. यात कोल्ड काय आहे? उन्हाळ्यात आपल्याकडं बाहेरच ४० अंश असतात. तीच हवा बॉनेटखाली तापून ७० अंशांवर गेली, तर घनता जवळपास ९ टक्क्यांनी घटते. ऑक्सिजन कमी, म्हणजे ताकद कमी. कंपनीचा फिल्टरचा काळा प्लास्टिकचा डबा दिसायला भिकार असेल, पण बहुतेक गाड्यांत त्याचं तोंड पुढं ग्रिलकडं असतं, बाहेरची हवा घेतो तो. तो काढून टाकायचा, आणि वर पैसे मोजायचे! वाढतो तो आवाज. मग आवाज म्हणून विका की, ताकद म्हणून कशाला विकता?

धुळीचं तर कुणी नाव काढत नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं गाडी चालवून बघा, काच पांढरी होते. कॉटनच्या फिल्टरला तेल लावावं लागतं, धूळ त्यालाच चिकटते. तेल कमी पडलं तर धूळ आत जाणार. जास्त झालं तर आत जाणारी हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या तारेवर बसून चेक इंजिनचा दिवा लागणार. बसवणारा म्हणतो, "धुवा आणि वापरा, लाइफटाइम आहे." तेल किती लावायचं? गप्प.

दुसऱ्या एकानं तोडगा काढला: पाइप खाली बंपरमागं नेऊ, तिथं हवा गार मिळते. अरे, २०१९ ला आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी कुठवर आलं होतं ते विसरलात का? एवढ्या खालचा पाइप हवेबरोबर पाणीही ओढणार. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्टचं जादा कव्हर वेगळं घेतलं नसेल तर विमावाले सहसा हात वर करतात. हे सांगायची जबाबदारी विकणाऱ्याची नाही?

शेवटी म्हटलं, राहू दे सगळं, मूळ डब्यातच बसणारा चांगला पॅनेल (सपाट) फिल्टर द्या. तर म्हणे मागवावा लागेल, पैसे आधी, परत घेणार नाही. आणि मापात बसला नाही तर? "ते तुमचं तुम्ही बघा."