शाळेत राजकारण नको म्हणे!

परत आला शाळेचा मेसेज. 'विद्यार्थ्यांनी कुठल्याही आंदोलनात सहभागी होऊ नये, शाळा राजकारणापासून अलिप्त आहे.' कारण काय तर नववी-दहावीची चार पोरं रविवारी, युनिफॉर्म न घालता, घोडबंदर रोडच्या खड्ड्यांविरोधात बोर्ड धरून उभी राहिली. अहो, त्याच खड्ड्यांतून रोज शाळेची बस जाते, पोरांनी नाही बोलायचं तर कोणी?

आणि अलिप्त म्हणे! नगरसेवक आले की हीच पोरं उन्हात लाइनीत, हातात गुलाब, लेझीम पथक तयार, वह्यांवर साहेबांचा हसरा फोटो, वर टाळ्या वाजवा म्हणून सर मागून खुणा करणार, तेव्हा कुठे जातं हो ते राजकारण? प्रचारात लहान मुलांना वापरू नका असं निवडणूक आयोगाने २०२४ मध्ये पक्षांना बजावलं, पण निवडणूक नसली की सगळं माफ.

वर ऑगस्टमध्ये नंदुरबारच्या शिरीषकुमारवर भाषणं. १९४२ ला हातात तिरंगा घेऊन गोळ्या झेलल्या तेव्हा तो जेमतेम पंधरा वर्षांचा होता, त्याला बरं कोणी विचारलं नाही पालकांचं संमतीपत्र आणलंस का! पाठ करून बोलणाऱ्याला पहिलं बक्षीस, आणि बोर्ड धरणाऱ्याच्या आईबापाला ऑफिसात बोलावणं.

शिक्षकांनी वर्गात पक्षाचा प्रचार करू नये, शंभर टक्के मान्य. पोरांना मोर्चात ढकलू पण नये. पण स्वतःहून गेलेल्या पोराला 'दाखल्यावर शेरा मारू' म्हणून दम देता, ही कसली अलिप्तता? दहावीची पोरं आहेत, दोन-तीन वर्षांत मत देतील, तेव्हा मात्र शाळेतच बूथ लागेल.