गाडीचा रंग घालवावा कसा आणि डिटेलिंगवाल्याला धरावं कसं

गेल्या रविवारी दुपारी एका काकांनी डिकीतून पिवळा फडका काढला आणि माझ्या डिटेलिंगच्या, म्हणजे गाडी घासून-पॉलिश करून चमकवायच्या, दुकानात मी नि माझ्या दोन पोरांनी अडीच दिवस खपून घासलेल्या बोनटवर तो सुकाच फिरवला. माझ्यादेखत. दोनदा. वर म्हणाले, "थोडी धूळ राहिली होती रे."

तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं मी उलट्या दिशेनं बोंबलतोय. रंग वाचवायचा कसा हे सांगून सांगून घसा बसला, ऐकलं कुणी नाही. तर आता घालवायचा कसा ते सांगतो. गिऱ्हाइकाच्या कलानं घ्यावं म्हणतात.

सुरुवात जागेपासून. गाडी जांभळाच्या झाडाखाली लावा. सावली मिळते, शेजारी कौतुक करतात. जूनमध्ये वरून जांभळं पडतात आणि ती खाऊन तृप्त झालेली पाखरं उरलेलं काम करतात. डाग पडला की लगेच ओल्या कापडानं उचलण्याची घाई करू नका. बोनट उन्हात भाजून निघू द्या. तापल्यावर वरचा थर नरम पडतो, विष्ठेतलं आम्ल त्यात रुततं आणि रात्री गार झालं की खळगा पक्का. असे वीस-पंचवीस खळगे जमले की आमच्याकडे या आणि विचारा, "पुसून निघेल ना?"

जांभूळ नसेल तर निराश होऊ नका, बोअर आहे. आपल्या इंदूरात माणसांनी नर्मदेचं प्यायचं आणि गाड्यांनी बोअरचं, अशी वाटणी ठरलेलीच आहे. भर उन्हात पाइप धरायचा, गाडी भिजवायची आणि चहाला आत जायचं. पाणी उडून जातं, त्यातलं कॅल्शियम नि मॅग्नेशियम मागे राहतं. पांढऱ्या चकत्या. चार वर्षांत काचेवर असा थर चढतो की वायपर करकरायला लागतो. मग वायपर बदला. पाणी बदलायचं नाही.

रंगपंचमीला राजवाड्याच्या आसपास गाडी लावून गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला जा. बाकी काही करावं लागत नाही.

कव्हर घालणार असाल तर गाडी न धुता घाला. वारा सुटला की आतली धूळ स्वतःच घासकाम करते, मजुरी शून्य.

आता रोज सकाळी गाडी पुसणारा भाऊ. तो सगळ्यांना माहीत आहे. एक बादली, एक फडका, बारा गाड्या. तुमचा नंबर अकरावा आहे याची खात्री करून घ्या, म्हणजे आधीच्या दहा गाड्यांची माती तुम्हाला आयती मिळते. फडका शक्यतो जुन्या बनियनचा असावा, शिलाईसकट. हात गोल गोल फिरला पाहिजे. वर्षभरानं गाडी उन्हात उभी करून बघा, बोनटवर कोळ्यानं जाळं विणल्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. काळ्या आणि मरून गाडीवर तर फारच सुबक. मग मला फोन करून विचारायचं, "अरे, रोज पुसून घेतो तरी गाडी फिकी का दिसते?"

रोज पुसून घेता म्हणूनच दिसते, काका.

2017 ते 2023, सलग सात वर्षं स्वच्छतेत देशात पहिला नंबर काढलेलं गाव आहे हे. ओला कचरा कुठला, सुका कुठला, हे शेंबड्या पोरालाही झोपेतून उठवून विचारा, सांगेल. ओला फडका आणि सुका फडका यातला फरक मात्र एमटेक झालेल्या माणसाला कळत नाही.

ओरखडा दिसला की टूथपेस्ट लावा. दातांना चालते ना?

आणि आता मुख्य धडा: दर कसा ठरवावा आणि अपेक्षा कशा ठेवाव्यात. इथं काकांनाच उदाहरण म्हणून घेतो, कारण त्यांनी एकही पायरी चुकवली नाही.

पहिली पायरी, गाडी न दाखवता दर विचारणे. काकांनी फोटो पाठवला. रात्री साडेनऊचा, ट्यूबलाइटखालचा, अर्ध्या फोटोत त्यांचा नातू. "एवढंच काम आहे, किती घेशील?" मी म्हटलं, गाडी घेऊन या, दिवसाउजेडी बघू. आले. 2013 ची मरून सेडान, बारा वर्षांत पॉलिशचं बोट लागलेलं नाही. पंधरा दिवसांनी मुलाचा साखरपुडा, देवासहून पाहुणे येणार, म्हणून गाडी "शोरूममधून काढल्यासारखी" हवी.

दर ऐकल्यावर दुसरी पायरी. "तू आपला माणूस ना?" मी मान हलवली, काय करणार. "रामबागेत तुझ्या आत्याच्या समोरच्या वाड्यात राहायचो आम्ही." आत्या तिथं होती हे खरं, पण आत्याच्या शेजारधर्मावर कंपाउंडची (रंग घासायच्या पेस्टची) बाटली स्वस्त मिळत नाही. बाहेरच्याला पूर्ण भाव आणि आपल्या माणसाला अर्धा, हा नियम ज्यानं काढला तो नक्की दुकानदार नव्हता.

तिसरी पायरी, मीटरला खोटं पाडणे. रंगाची जाडी मोजायचं एक मीटर असतं, पत्र्यावर टेकवलं की आकडा देतं. कंपनीतून आलेल्या गाडीला बहुधा शंभर ते दीडशे मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत-बाहेर असतो. काकांच्या बोनटला 112. पुढच्या डाव्या दाराला 118. मागच्या डाव्या दाराला 640. मी म्हटलं, हे दार ठोकून पुट्टी भरून रंगवलेलं आहे. काका म्हणाले, "शक्यच नाही, गाडीला कधी ओरखडासुद्धा नाही." मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "अहो, ते उज्जैनला नाही का, टेम्पो…" काकांनी त्यांच्याकडे बघितलं. काकू गप्प. मग बंपरवर मीटर टेकवून म्हणाले, "बघ, इथं तर दाखवतच नाही, खराब आहे तुझं." बंपर प्लास्टिकचा असतो, हे मीटर धातूवरच चालतं. मी सांगितलं. त्यांनी ते ऐकलं असं मला वाटलं.

आता मुद्द्याचं. त्या शंभर-सव्वाशे मायक्रॉनमध्ये खाली प्रायमर वगैरे थर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा. माणसाचा केस सत्तरच्या आसपास भरतो. म्हणजे तुमच्या गाडीची सगळी चमक केसाहूनही पातळ आहे आणि आम्ही जे पॉलिश करतो ते काही लावत नाही, काढतो. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा थर खाली आणायचा, की ओरखडा दिसेनासा होतो. कंपाउंड आणि फिनिशिंग धरून 2-4 मायक्रॉन गेले समजा. गेले ते गेले. तो थर नखासारखा परत वाढत नाही. नखावरून आठवलं, ओरखड्यावरून नख फिरवा, अडकलं तर तो खोल गेलाय, तो पॉलिशनं निघत नाही. हे मी रोज चार जणांना सांगतो. चौघं म्हणतात, "तू कर तर."

काकांच्या छतावर क्लिअर कोट उरलेलाच नव्हता. साप कात टाकतो तशा पापुद्र्यांच्या कडा, मध्ये खडूसारखा कोरडा रंग. मी तीनदा सांगितलं की जे गेलंय ते घासून येणार नाही, घासलं तर कडा अजून उचकटतील, छत रंगवूनच घ्यावं लागेल आणि ते माझं काम नाही, पेंटरचं आहे. कागदावर लिहिलं. सही घेतली. काका सही करता करता म्हणाले, "तू कर तर."

केलं. छत सोडून. शॅम्पूनं धुणं, लोखंडाचे कण विरघळवणारं औषध मारणं (गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागले तेव्हा काका घाबरले, रंग चाललाय म्हणाले), मग क्ले (रंगात रुतलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी), मग रबराला नि कडांना टेप. कडांवर रंग सगळ्यात पातळ असतो, तिथं रोटरी (नुसतं गरगर फिरणारं पॉलिशचं मशीन) एक क्षण जास्त टेकली की खालचा प्रायमर हसत बाहेर येतो. म्हणून डीए मशीन (हे फिरता फिरता डुलतं, रंगाला सौम्य), फोमचं पॅड, बोनटचा दीड फूट चौकोन आधी करून बघितला, कुठलं कंपाउंड चालतं ते. खालच्या पत्र्यापर्यंत गेलेले दगडाचे टिचके तसेच राहणार, हेही सांगितलं. बाहेर एक्केचाळीस डिग्री, शेडमध्ये पंखा, पत्रा तापला की कंपाउंड वाळून धूळ होते, म्हणून सकाळी सहाला सुरू आणि अकराला बंद. दुपारी प्लास्टिक आणि काचा. संध्याकाळी पुन्हा. शेवटी स्पिरिटनं सगळं पुसून दिवा आडवा धरून बघितलं, कारण तेलकट ग्लेझनं ओरखडे बुजवून गाडी देणारे पुष्कळ आहेत. दोन धुण्यांत ते परत दिसतात आणि तोवर पैसे पचलेले असतात. मी ते करत नाही. मूर्ख आहे.

बोनटमध्ये माझ्या पोराला स्वतःची मिशी दिसत होती. त्यानं फोटो काढला.

रविवारी काका आले. गाडीभोवती एक चक्कर मारली. दुसरी मारली. आणि म्हणाले, "छत तसंच आहे रे."

मग फडका.

सिरॅमिक कोटिंग (रंगावर चढवायचा पारदर्शक संरक्षक थर) करायला सांगणाऱ्यांनी गाडीवर आधी लायटर आणि मग हातोडी मारून घ्यावी, 9एच लिहिलेलं आहे ना बाटलीवर. (तो एच पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे. शाळेतली एचबी, तिची थोरली बहीण. विटेचा, दगडाचा नि शेजारच्या मुलाच्या सायकलचा त्याच्याशी संबंध नाही.)

पैसे देताना "राउंड फिगर" करायला विसरू नका.

मला अजून दोन-तीन युक्त्या सांगायच्या होत्या, अत्यंत नम्रपणे, हसत हसत. होत नाही आता. आज सकाळी काकांचा फोन आला. "उन्हात बोनटवर बारीक जाळी दिसतेय. तुझ्या मशीननं पडली वाटतं."

अहो, लाज वाटू द्या जरा. बारा वर्षं एका वस्तूकडे बघायचं नाही, तिला ऊन, खारं पाणी, पाखरं, घाण फडकी यांच्या हवाली करायचं आणि मग एका दुपारी, गाडी धुण्याच्या भावात, कुणीतरी तुमची बारा वर्षं पुसून द्यायची. का म्हणून? डॉक्टर गेलेला पाय उगवून देत नाही तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालता का? मी काय शक्य आहे ते सांगितलं, काय नाही ते सांगितलं, लिहून दिलं, तुम्ही सही केली. वाचता येतं तुम्हाला. आणि ती पोरं, जी सकाळी सहापासून वाकून काम करत होती, त्यांच्यासमोर तुम्ही त्यांच्या अडीच दिवसांवर तो कळकट फडका फिरवलात, वर धूळ राहिली म्हणालात. धाकटा काही बोलला नाही, आत जाऊन पॅड धुवायला बसला. स्वच्छ होती ती पॅडं, त्यानं आधीच धुतलेली.

दोन बादल्या लागतात. एक शॅम्पूची, एक कापड खळबळायची. मायक्रोफायबरचं कापड लागतं, ओलं, सरळ हातानं, वजन न टाकता. पाखरानं घाण केली तर पाणी टाकून पाच मिनिटं भिजवायचं आणि उचलायचं, घासायचं नाही. सुका फडका कधीच नाही. एवढंच आहे, यात कसलीही विद्या नाही, आणि तेवढं केलंत तर माझं दुकान अर्धं बंद पडेल. पडू दे.

काकांना उद्या बोलावलंय. जाळी मी काढून देणार आहे, फुकट, अजून एक-दीड मायक्रॉन त्यात जाईल ते जाईल, साखरपुडा तोंडावर आहे आणि काकू भल्या आहेत. फक्त सांगितलंय की येताना तो पिवळा फडका घेऊन या. दुकानाच्या दारावर खिळा ठोकून ठेवलाय.