जर्मनीचा दाखला

रविवारी सकाळी, इथे अजून नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हा फॅमिली ग्रुपवर दादाचा फॉरवर्ड येऊन पडला. जर्मनी, जपान, फ्रान्स इथली पोरं फक्त मातृभाषेत शिकतात, इंग्रजी त्यांच्या कानावरही पडत नाही, म्हणून ते देश पुढे गेले वगैरे. शेवटी जोडलेले हात आणि तिरंगा. खाली दादाची स्वतःची भर: "आपल्याकडे मात्र पहिलीपासून एबीसीडी!"

मी अकरा वर्षं श्टुटगार्टमध्ये राहतोय. दादाला ते माहीत आहे, आम्हाला सोडायला तो विमानतळावर आला होता. पण फॉरवर्डमधला जर्मनी त्याला सख्ख्या भावापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

तर दादा, आमची सई तिसरीत आहे आणि तिला आठवड्याला दोन तास इंग्रजी आहे. तिच्या ग्रुंडशूलेत, म्हणजे प्राथमिक शाळेत, सगळ्यांनाच आहे. उलट या राज्यात 2003 पासून परदेशी भाषा पहिलीपासूनच सुरू केली होती, बहुतेक ठिकाणी इंग्रजी आणि ऱ्हाईनकाठच्या पट्ट्यात फ्रेंच. 2018 मध्ये ती तिसरीवर ढकलली, जर्मन आणि गणिताला तास मिळावेत म्हणून. हे शेवटचं वाक्य मी ग्रुपवर टाकलं नाही. दादाने तेवढंच उचलून धरलं असतं.

खरं तर फॉरवर्डवर एवढं चिडायचं कारण नव्हतं. असे रोज दहा येतात. चिडलो ते वहिनीमुळे, म्हणजे वहिनीच्या बाजूने.

वहिनी तासगाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. महाराष्ट्रात 2000 पासून इंग्रजी पहिलीपासून आहे, त्यामुळे तिच्याकडे आलेली पोरं दोन वर्षं इंग्रजी 'झालेली' असतात. चाररेघी वहीत एबीसीडी मोत्यासारखी. "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" हे एका सुरात. पण फळ्यावर एम ए टी लिहिलं की वर्ग चिडीचूप. कॅट वाचलेलं नसतंच, पाठ असतं.

वहिनीने यंदा पाट्या काढल्या. आधी खिशातलं पेन दाखवायचं, नाव म्हणायचं, मग एकेक आवाज सुटा करून पोरांनी तो लिहायचा आणि लिहिलेलं लगेच मोठ्याने वाचायचं. पहिलं अक्षर पुसा, तिथे एच लिहा. काय झालं? हेन. अंगणातली कोंबडी. आता एच पुसा, टी लिहा. टेन. व्हिडिओ कॉलवर तिने मला एकदा दाखवलं: एक मुलगा थुंकी लावून पुसत होता, पुन्हा लिहीत होता, आणि प्रत्येक वेळी ओठ हलत होते. कान, हात, डोळे, तोंड, सगळं एकाच कामाला.

पण संध्याकाळी पाटी कोरी आणि वहीही कोरी. पालक आले. एकाचं म्हणणं, मॅडम इंग्रजी घेतच नाहीत. दुसऱ्याचं, एवढ्या लहान पोरांना लिहायला कशाला लावता, आधी दोन वर्षं नुसती गाणी घ्या. आणि दादाने रात्री जेवताना दोघांचंही बरोबर ठरवलं.

दादाला विचारावंसं वाटतं, तू मराठी कसं शिकलास? आईने हात धरून पाटीवर गिरवून घेतलं, "क ला काना का" म्हणत म्हणत. आधी दोन वर्षं नुसता क म्हण, लिहायचं पुढे बघू, असं कोणी म्हणालं होतं? आणि मराठीत तर अक्षराचं नाव हाच त्याचा आवाज. इंग्रजीत 'एच' या नावात ह नाही, 'डब्ल्यू'त व नाही, सी कधी क होतो तर कधी स. 26 अक्षरांवर चाळीसेक आवाजांचा बोजा. इंग्लंडातल्या पोराला निदान शब्द आणि त्याचा अर्थ घरून मिळालेला असतो, त्याला फक्त अक्षर जुळवायचं असतं. तासगावच्या पोराला तिन्ही गोष्टी शाळेतच भेटतात, आणि नुसतं गाणं घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकत नाही. हाताने लिहिलेला, तोंडाने वाचलेला शब्द टिकतो.

मी स्वतः पाचवीत इंग्रजी सुरू केलेल्यांपैकी. नाइफचं स्पेलिंग लक्षात राहावं म्हणून 'कनीफे' म्हणायचो, ब्यूटिफुलला 'बेऔतिफुल'. आजही मीटिंगमध्ये एखादा शब्द उच्चारण्याआधी मनात ते कनीफे येऊन जातं.

इथेही सगळं आलबेल नाही. युर्गेन रायशेन नावाच्या स्विस शिक्षकाच्या पद्धतीचा इथे बराच बोलबाला होता: पोरांनी ऐकू येईल तसं लिहायचं, लिहिता लिहिता वाचन येईल, चुका सध्या सोडा. 2016 मध्ये आमच्या राज्याच्या शिक्षणमंत्रीणबाईंनी शाळांना हे थांबवायला सांगितलं. 2021 च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत जर्मनीतली चौथीतल्या साधारण चार मुलांमागे एक मूल किमान पातळीच्या खाली निघालं. म्हणून म्हणतो, वहिनीची पाटी बरी. चूक झाली की तिथल्या तिथे पुसायची. सईने परवा घराच्या चित्राखाली इंग्रजीत एच-ए-यू-एस लिहिलं, जर्मन घर. तिच्या बाईंनी शेजारी नीट लिहून दिलं आणि वाचून घेतलं. झालं.

हे सगळं मी दादाला लांबलचक व्हॉइस मेसेजमध्ये सुनावलं. सात मिनिटं. रात्री त्याचं उत्तर आलं, अजिबात न चिडता: "पटलं बाबा. सईला मराठी वाचता येतं का रे आता?"

नाही येत. बोलते झकास, आईशी फोनवर तासभर. लिपीचं मी म्हणत आलो, आधी बोलू दे, लिहिणं-वाचणं पुढे बघू. मग शाळा सुरू झाली, मग हॉर्ट, म्हणजे शाळेनंतरचं पाळणाघर, मग झेपफर्डशेन, म्हणजे पोहण्याचा लहानांचा पहिला बिल्ला. मंडळाच्या शनिवारच्या मराठी वर्गाला चार वेळा गेलो, पाचव्यांदा पाऊस होता. म्हणजे त्या गाणीवाल्या पालकाचं आणि माझं धोरण एकच.

आईच्या पंचाहत्तरीला सईने स्वतः कार्ड केलं होतं. वर मोठ्या अक्षरांत आजी, पण जर्मन कानाने: ए-डी-एस-सी-एच-आय. आत 'मी तुझ्यासाठी चहा करीन', त्यातल्या एकट्या 'च'ला चार अक्षरं. आईने ते शोकेसमध्ये लावलंय. पाहुण्यांना दाखवते आणि म्हणते, "अडस्ची म्हणते मला."

काल आल्डीच्या पावतीच्या मागे मी सईला 'आजी' लिहून दाखवलं आणि आवाज सुटे करून वाचलं. तिने दोनदा गिरवलं, मग पेन्सिल टेकवून माझ्याकडे बघितलं. "आणि यात डी कुठंय?"