गोविंदरावांच्या प्रतिक्रियेला उत्तर : पवनचक्कीखाली मेलेला पक्षी दिसत का नाही?

गोविंदराव, पवनचक्कीच्या पात्यांनी पक्षी अन् वटवाघळं मरतात, हा माझा लेख रागानं का होईना, शेवटपर्यंत वाचलात. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या माळावर आठ वर्षं पवनचक्कीखाली शेरडं राखली, एक मेलेला पक्षी दिसला नाही, तिथल्याच नायगाव अभयारण्यातले मोर मजेत आहेत, पक्षी तर मांजरंच जास्त मारतात, आणि ‘पवनचक्क्या पाऊस पळवतात’ म्हणणाऱ्यांच्या हाती मी कोलीत देतोय.

शेवटचं आधी. पवनचक्की पाऊस पळवत नाही. १९७२ च्या दुष्काळात इथं एकही पवनचक्की नव्हती, तरी आमचे आजोबा खडी फोडायला गेलेच. आमच्या भावकीतल्या एकाच्या रानात दोन उभ्या आहेत, त्या पैशावर पोरीचं शिक्षण चाललंय. मी कशाला त्याच्या मुळावर उठू?

आता मेलेले पक्षी. तुम्ही उन्हं वर आल्यावर शेरडं सोडता. रात्री पडलेलं तोवर कुत्री, कोल्हे, मुंगसं शिल्लक ठेवतात होय? म्हणून तर मोजदाद करणारे आधी स्वतःच मेलेले पक्षी टाकून बघतात, ते किती दिवसांत नाहीसे होतात, आणि मग हिशेबात तेवढी भर घालतात. पाकोळी तर मुठीत मावते. कुसळात पडलेली दिसायची कशी?

शिवाय सगळे मरतच नाहीत, कैक जण जागाच सोडतात. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा अभ्यास २०१८ ला छापून आला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, आणि त्यांची धास्ती सरल्यानं सरडे मात्र माजलेले. तेव्हा मोर मजेत असतील, पण तो जमिनीवर चरणारा पक्षी. बघायचं असेल तर हिवाळ्यात माळावर येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी बघा.

मांजरांचं खरं आहे. पण मांजर चिमण्या-साळुंक्या धरतं, गरुड नाही. गरुडाचं पिल्लू वयात यायला चार-पाच वर्षं लागतात. पात्यांनी वटवाघळंही मरतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना वर्षाला एखाददुसरंच पिल्लू. तिथं थोडी मरसुद्धा भारी पडते.

आणि उपाय काही पवनचक्की पाडण्याचा नाही. वटवाघळं मंद वाऱ्याच्या रात्री जास्त उडतात, तेव्हा वीजही नावालाच निघते. अमेरिका-कॅनडात अशा वेळी पाती थांबवून ठेवली, तर वटवाघळांची मर निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली; वीज बुडाली ती वर्षाच्या जेमतेम एक टक्का. नॉर्वेत स्मोला बेटावर तीनपैकी एक पातं काळं रंगवलं, पक्ष्यांची मर सुमारे ७० टक्क्यांनी घटली. (चारच पवनचक्क्या होत्या, तेव्हा लगेच नाचायला नको.) आपल्याकडे मात्र २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत आधी पर्यावरण परवानगी लागणाऱ्या प्रकल्पांची यादी आहे, तिच्यात पवनऊर्जाच नाही. म्हणजे उभारण्याआधी इथं कोण उडतं हे कुणी विचारायचंच नाही. माझं भांडण एवढ्यापुरतं.

एका ठिकाणी मात्र तुम्ही मला बरोबर धरलंत. लेखातल्या फोटोतली घार पात्यानं मेली असं मी ठोकून दिलं होतं. वरून तारा जात होत्या, ती शॉक लागूनही मेली असेल. ती ओळ आज बदलली आहे.