अरुणा शानबाग मेंदूमृत नव्हत्या

माझ्या मावशीने काही वर्षांपूर्वी नेत्रदानाचा अर्ज भरला होता. गेल्या आठवड्यात तो रद्द कसा करायचा, हे विचारायला तिचा फोन आला. कारण होते नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावरचा एक लांबलचक संदेश. त्याचे म्हणणे असे : हृदय धडधडत असलेला माणूस मेलेला असूच शकत नाही, म्हणून ‘ब्रेनडेड’ (मेंदूमृत) ही अवयव काढण्यासाठी डॉक्टरांनी शोधलेली पळवाट आहे, अरुणा शानबाग ४२ वर्षे जगल्या, मग इतरांना दोन दिवसांत मृत का ठरवता, अवयव दिलेल्याला मोक्ष नाही आणि डोळे देणारा पुढच्या जन्मी आंधळा होतो, शिवाय हा सगळा पैशांचा धंदा आहे.

यात सर्वांत संतापजनक आहे तो अरुणा शानबाग यांच्या नावाचा वापर. केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ला झाला आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्याच परिचारिकांनी त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्याविषयीच्या ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न तपासला आणि त्या मेंदूमृत नाहीत, असे स्पष्ट नोंदवले, कारण त्या यंत्राच्या आधाराशिवाय श्वास घेत होत्या आणि त्यांचे शरीर बाह्य संवेदनांना प्रतिसाद देत होते. म्हणजे ज्या उदाहरणावर संदेशाची सारी भिस्त आहे, तेच उदाहरण कोमा किंवा तत्सम अवस्था आणि मेंदूमृत्यू यांतला फरक दाखवणारे आहे. चित्रपटांत आणि मालिकांत देवघरातल्या घंटेच्या आवाजाने शुद्धीवर येणाऱ्या रुग्णांनी या फरकाचा पुरता बट्ट्याबोळ केला आहे, हे खरे; पण न्यायालयाचा निकाल कुणालाही वाचता येतो.

राहिला धडधडत्या हृदयाचा मुद्दा. हृदयाचा ठोका मेंदू पाडत नाही. हृदयाच्या स्नायूतच त्याची विद्युत यंत्रणा असते, त्यामुळे व्हेंटिलेटरने प्राणवायू पोहोचत राहिला तर मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा मज्जारज्जूला जोडणारा खालचा भाग) कायमचा निकामी झाल्यावरही, म्हणजे मेंदूमृत्यूनंतरही, ते काही काळ चालते. श्वासाचे तसे नाही, तो मस्तिष्कस्तंभाच्या आज्ञेवरच चालतो. म्हणूनच मेंदूमृत्यूच्या तपासणीत व्हेंटिलेटर बाजूला करून, प्राणवायू पुरवत ठेवून, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर तरी रुग्ण स्वतःहून श्वास घेतो का, हे पाहतात. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याखाली चार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा अशा चाचण्या करते आणि प्रत्यारोपण करणाऱ्या डॉक्टरांना त्या मंडळात स्थान नसते. पळवाट शोधणारा माणूस इतके सोपस्कार कशाला करील?

मोक्षाच्या मुद्द्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. देह हे जीर्ण वस्त्र असून आत्मा ते टाकून नवे धारण करतो, हे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात सांगितलेले ज्यांना मान्य आहे, त्यांनी टाकलेल्या वस्त्राच्या एका तुकड्यावरून पुढचा जन्म ठरवू नये. शिवाय या तर्काने पित्ताशय काढलेले आणि दात पडलेले आपले सगळे आजी-आजोबा पुढच्या जन्मी काय घेऊन येणार आहेत, हेही संदेशकर्त्याने सांगायला हवे होते. दधीचींनी तर देवांसाठी अस्थी दिल्या. त्यांची गती अडल्याचे कोणतेही पुराण सांगत नाही.

पैशांच्या आरोपात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करावे लागते. २०१६ मध्ये मुंबईत बनावट नात्याच्या कागदपत्रांवर मूत्रपिंडाचा व्यवहार उघडकीस आला होता. पण तो जिवंत माणसाच्या मूत्रपिंडाचा व्यवहार होता, मेंदूमृत दात्याचा नव्हे. मरणोत्तर मिळालेले अवयव विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीनुसार दिले जातात, आणि अवयवांच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षांचा कारावास आहे.

मावशीच्या नेत्रदानाचा तर या वादाशी संबंधच नाही. ते हृदय थांबल्यानंतर, साधारण सहा तासांच्या आत, घरीसुद्धा होते. त्यासाठी मेंदूमृत्यू लागत नाही आणि चेहराही विद्रूप होत नाही. शिवाय तिने अर्ज फाडला किंवा ठेवला, तरी त्या वेळी प्रत्यक्षात संमती आम्हा घरच्यांकडूनच घेतली जाईल. त्यामुळे हा मजकूर मी त्याच गटावर टाकतो आहे.